गिरणगाव आणि सॅल्फर्ड : स्मरणरंजनाची दोन रूपे

मराठी समीक्षाव्यवहारात 'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेसाठी 'स्मरणरंजन' हा शब्द बऱ्यापैकी रूढ झाला आहे. 'गतकातरता' हा पर्यायही अधूनमधून वापरला जातो, परंतु तो विद्वत्तेच्या वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही. या दोन शब्दांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात मूळ संज्ञा घडवली ती घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. त्याच्या दृष्टीने तो एक आजार होता. मराठीने हा शब्द स्वीकारताना वेदना गाळली आणि तिच्या जागी रंजन आणून बसवले. आठवण म्हणजे मन रमवण्याचे साधन, हे गृहीत या शब्दात आधीच दडलेले आहे. मराठी आठवणपर लेखनाचा मोठा भाग खरोखरच या गृहीताला धरून लिहिला गेला, म्हणून शब्दाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र ज्या लेखनात परतण्याचे ठिकाण कोणते हाच वादाचा विषय आहे, तेथे हा शब्द अपुरा पडतो. कापडगिरण्यांच्या शहरात वाढलेल्या मुलांचे लेखन हे त्याचे ठळक उदाहरण होय.

औद्योगिक शहर हे ओढ लागावी असे ठिकाण नाही. काजळी, दाटीची वस्ती, सामायिक नळ व शौचकूप आणि पहाटेचा भोंगा यांच्याबद्दल हुरहूर वाटावी, यात मुळातच एक विसंगती आहे. एंगल्सने १८४५ साली मँचेस्टरच्या कामगारवस्त्यांचे जे चित्र रेखाटले, त्यात कुणाला हुरहूर वाटावी असे काहीच नव्हते. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इंग्लंडमधील याच वस्त्यांनी आठवणींच्या वाङ्मयाचा एक समृद्ध प्रवाह निर्माण केला. लीड्सच्या हन्स्लेट भागात आजीजवळ वाढलेल्या रिचर्ड हॉगर्ट यांचा 'द यूजेस ऑफ लिटरसी' (१९५७), रॉबर्ट रॉबर्ट्स यांचा सॅल्फर्डवरील 'द क्लासिक स्लम' (१९७१), ब्लॅकबर्नच्या विणकर कुटुंबातील विल्यम वुड्रफ यांच्या बालपणीच्या आठवणी ही त्यातील ठळक नावे. मराठीत या प्रवाहाशी ताडून पाहता येईल असे लेखन मुंबईच्या गिरणगावातून आले. 'अमुक प्रांताचे मँचेस्टर' हे बिरुद आपल्याकडे इचलकरंजीपासून अहमदाबादपर्यंत इतक्या सढळपणे वाटले गेले आहे की त्याला विश्लेषणात काही किंमत उरलेली नाही. तुलनेचा खरा आधार यंत्रांत आणि बाजारपेठेत आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांत जी यंत्रे धडधडली त्यांतील बहुसंख्य लँकशायरमध्ये घडलेली होती. दोन्हीकडील मुले एकाच प्रकारच्या चात्यांचा आणि धोट्यांचा आवाज ऐकत मोठी झाली. पुढे ही शहरे एकमेकांची स्पर्धक बनली. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधी लँकशायरमधील डार्वेन येथे गेले तेव्हा परदेशी कापडावरील बहिष्कारामुळे झळ सोसणाऱ्या गिरणीकामगारांनी त्यांचे स्वागत केले, हा प्रसंग या नात्यातील गुंतागुंत पुरेशी स्पष्ट करतो.

हॉगर्ट आणि रॉबर्ट्स यांना एकाच गटात टाकण्याची पद्धत आहे, पण त्यांच्या स्मृतीची जात वेगळी आहे. हॉगर्ट शिष्यवृत्तीच्या बळावर वस्तीतून बाहेर पडलेला मुलगा आहे आणि आपल्या ग्रंथात त्याने अशा मुलाच्या उखडलेपणाचे स्वतंत्र विवेचन केले आहे. ग्रंथाच्या पूर्वार्धातील घर, शेगडी, आई, शेजार यांचे चित्रण उबदार आहे. आपल्या हातून उदात्तीकरण होण्याचा धोका त्याला ठाऊक आहे, तरी ती ऊब ओसरत नाही. कारण उत्तरार्धात त्याला नव्या बाजारू संस्कृतीवर जो आरोप ठेवायचा आहे, त्यासाठी जुने जग भक्कम असणे आवश्यक ठरते. रॉबर्ट्सची गोष्ट निराळी. त्याच्या आईवडिलांचे वस्तीत कोपऱ्यावरचे दुकान होते. दुकानाच्या गल्ल्यामागून वस्ती पाहणाऱ्या मुलाला कोण उधारीवर घेतो, कोणाची उधारी बंद झाली, कोण आपल्या शेजाऱ्यापेक्षा एक पायरी वर आहे, हे सारे दिसते. त्यामुळे एकजिनसी, एकदिलाचा कामगारवर्ग ही कल्पना त्याच्या लेखनात टिकत नाही. वर दुकानदार व गुत्तेवाले, मग कुशल कारागीर, तळाशी अकुशल मजूर अशी उतरंड तो बारकाईने मांडतो. त्याची आठवण हिशेबाच्या वहीसारखी आहे, आणि म्हणूनच ती अधिक विश्वसनीय वाटते. त्याचा ग्रंथ आला तेव्हा सॅल्फर्डच्या जुन्या वस्त्या मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या होत्या, हेही नोंदवायला हवे.

या इंग्रजी लेखनात एक गोष्ट मात्र सर्वत्र समान आहे. हरवलेली जागा एकच आहे. सॅल्फर्डच्या मुलाला सॅल्फर्डपलीकडे घर नाही. त्याचे आजोबा किंवा पणजोबा कधीकाळी आयर्लंडमधून वा आसपासच्या खेड्यांतून आले असतील, पण ती स्मृती कौटुंबिक दंतकथेच्या स्वरूपात उरलेली असते. लँकशायरमध्ये 'वेक्स वीक' या वार्षिक सुट्टीत गावातील गिरण्या एकदम बंद होत आणि कामगार कुटुंबांसह ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर जात. ती सहल असे. सहलीहून माणूस घरी परततो.

गिरणगावात सुट्टीची दिशा उलटी होती. शिमग्याला किंवा गणपतीला कोकणात जाणारा कामगार 'घरी' जात असे आणि तेथून मुंबईला 'कामावर' परतत असे. 'चाकरमानी' हा शब्द या व्यवस्थेतूनच आला. ज्याचे घर दुसरीकडे आहे अशा नोकरदारासाठी भाषेने स्वतंत्र शब्द घडवावा, यावरून ती व्यवस्था किती मुरलेली होती हे कळते. एका गावचे पुरुष मिळून चाळीतील खोली घेत, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि गावी मनीऑर्डर पाठवत. म्हणून गिरणगावाचे पहिले स्मरणरंजन गावाविषयीचे आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या प्रसिद्ध छक्कडीचा नायक मुंबईत उभा राहून मागे सोडलेल्या स्त्रीला आठवतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही विरहभावना सीमाभागाच्या राजकीय विरहाशी जोडली गेली. हा जोड इतका सहज बसला, याचे कारण श्रोता आधीच दोन ठिकाणी जगत होता. लँकशायरच्या लोकगीतांत यंत्राविषयीचा राग आहे, मजुरीचे रडगाणे आहे, पण गिरणीच्या दारात उभे राहून दुसऱ्या मुलुखाची अशी सामूहिक आळवणी नाही.

प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. वडिलांची ओढ गावाकडे, पण मूल चाळीत जन्मलेले. नारायण सुर्वे (१९२६-२०१०) यांच्या चरित्रात हा दुभंग विलक्षण स्पष्ट दिसतो. रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने आणि त्याच्या पत्नीने वाढवले. गिरणीतील काम संपल्यावर गंगाराम कोकणातील आपल्या गावी परतले आणि कोवळ्या वयाचा मुलगा मुंबईतच राहिला. बापाला परतायला गाव होते, मुलाला नव्हते. सुर्वे यांच्या कवितेची चर्चा बहुधा मार्क्सवादी जाणिवेच्या अंगाने होते आणि ती रास्तही आहे. परंतु 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतील शहर हे मराठी कवितेतील असे पहिले औद्योगिक शहर आहे ज्याच्या पाठीमागे गाव उभे नाही, हे पुरेशा ठामपणे सांगितले गेलेले नाही. मर्ढेकरांच्या मुंबईमागे हरवलेल्या श्रद्धेचे जग आहे, अण्णा भाऊंच्या मुंबईमागे वाटेगाव आहे. सुर्वे यांच्या रस्त्यामागे दुसरा रस्ता आहे. या अर्थाने त्यांची स्मृती सॅल्फर्डच्या मुलाच्या स्मृतीला सर्वांत जवळची ठरते. योगायोग असा की मराठी कामगारवस्तीत ती एका अनाथाच्या वाट्याला आली.

सुर्वे यांच्या 'माझी आई' या कवितेत भोंगा पहाटेला फाडत येतो आणि आई गिरणीच्या वाटेला लागते. भोंगा ही गिरणगावाच्या स्मृतीतील सर्वांत टिकाऊ प्रतिमा आहे. घड्याळ नसलेल्या घरांत तोच वेळ सांगे. आईला नेणारा आवाज आणि तिला परत आणणारा आवाज एकच, हे मुलाच्या दृष्टीने त्याचे खरे स्वरूप. १९८२ नंतर लिहिल्या गेलेल्या आठवणींत मात्र भोंगा हळूहळू सुरेल होत जातो. तो लालबाग-परळच्या 'वैभवाचा' सूर बनतो. ज्या ध्वनीने झोप मोडली त्याच ध्वनीची हुरहूर वाटू लागणे अस्वाभाविक नाही, पण दोन्हींच्या मधे काय घडले ते सांगितल्याशिवाय हे स्थित्यंतर वाचकासमोर मांडणे ही समीक्षेची कसूर ठरेल.

मधे घडला तो संप. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही. लँकशायरचा कापडधंदा पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या शिखरावरून अर्धे शतक घसरत घसरत संपला. त्यामुळे इंग्रजी आठवणींत ऱ्हास हवेसारखा पसरलेला असतो, त्याला दिनांक नसतो. गिरणगावाच्या स्मृतीला दिनांक आहे. तिची 'संपाआधी' आणि 'संपानंतर' अशी सरळ फाळणी झालेली आहे आणि संपाआधीच्या काळातील सगळे ओरखडे या फाळणीमुळे पुसट होतात. बदली कामगाराची रोजची अनिश्चितता, जॉबरची मनमानी, युनियनांतील भांडणे, क्षयाने गेलेली माणसे या साऱ्यांवर संपानंतरच्या उद्ध्वस्ततेने जणू सावली धरली.

या सापळ्यात न अडकलेला लेखक म्हणजे जयंत पवार (१९६०-२०२१). त्यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकातील धुरी कुटुंबाच्या खोलीत गिरणी आता फक्त अनुपस्थितीच्या रूपाने आहे. तरुण मुलांसमोर काम नाही आणि वडिलांच्या पिढीचा इतिहास त्यांच्या उपयोगाचा नाही. नाटक भूतकाळ उजळत नाही, ते त्या खोलीत दार बंद करून बसते. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाच्या शीर्षकातला फिनिक्स हा पुराणातला पक्षी तर आहेच, पण मॉलमध्ये रूपांतरित झालेली फिनिक्स मिलही आहे. या संग्रहाला २०१२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पवारांच्या गिरणगावात वाढलेल्या मुलाला शहराची ओढ आहे, पण ती जमिनीच्या हिशेबापासून तोडता येत नाही. गिरण्यांच्या जमिनींच्या वापराविषयीचे नियम १९९१ मध्ये झाले, २००१ मध्ये बदलले गेले आणि त्या बदलाने सार्वजनिक वापराच्या वाट्याला येणारी जागा मोठ्या प्रमाणात आकसली. चिमणी राखून बाकीची गिरणी विकायची, ही स्मरणरंजनाची व्यापारी आवृत्ती. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली गतकातरतेचे दोन प्रकार सांगितले : गेलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारा आणि गेलेपणावरच रेंगाळत विचार करणारा. मॉलच्या आवारातील चिमणी या दोन्हींत बसत नाही. ती फक्त शोभेसाठी उभी आहे.

येथवरची तुलना गाव आणि शहर या अक्षावर झाली. तिला छेद देणारा दुसरा अक्ष आहे आणि तो एका अगदी बारीक तांत्रिक तपशिलात दडलेला आहे. जुन्या पद्धतीच्या मागावर धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी, धोट्याच्या छिद्राला तोंड लावी आणि श्वासाने सूत बाहेर ओढून घेई. लँकशायरमध्ये या कृतीला धोट्याचे 'चुंबन' म्हणत. एकच धोटा अनेक तोंडांना लागत असल्याने तेथे तो आरोग्याचा प्रश्न झाला, रोगसंसर्गाची चर्चा झाली आणि अखेर १९५२ साली ही पद्धत बेकायदा ठरली. तोच धोटा, तेच छिद्र, तेच ओले सूत मुंबईत आले आणि जातीचा प्रश्न बनले. ज्या सुताला अस्पृश्य कामगाराचे ओठ लागले ते आपल्या तोंडात घेणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते. परिणामी अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद राहिले आणि त्यांना कमी मजुरीच्या सूतकताईच्या खात्यांत राहावे लागले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा संपनेत्यांसमोर ठेवला. पुढे १९३६ साली त्यांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो भेद केला, त्याला गिरणीच्या मागाचा हा प्रत्यक्ष आधार होता, असे मानायला जागा आहे.

साहित्याच्या दृष्टीने या तपशिलाचे महत्त्व असे की 'आपले गिरणगाव' या सर्वनामाची कसोटी त्यात आहे. लँकशायरच्या आठवणकाराला धोट्याची आठवण विणकर आईच्या किडलेल्या दातांची आठवण म्हणून येऊ शकते. ती कटू असली तरी सामायिक आहे. गिरणगावात तीच आठवण काहींना येऊच शकत नाही, कारण त्यांच्या बापाला त्या खात्याच्या दारातून आत जाता आले नाही. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) वाचताना हे जाणवते. वडील सुक्या गोदीत कामाला, बालपण मुंबईच्या कावाखान्यात. औद्योगिक शहरातील बालपणाचे ते मराठीतील सर्वांत तपशीलवार चित्र असेल. त्यात हुरहूर नाही असे नाही. आजी, नातलगांची गर्दी, रात्रीचे आवाज यांविषयीची ओढ पानापानांत आहे. परंतु निवेदक आपल्याच भूतकाळापासून स्वतःला वेगळा काढून त्याच्याशी बोलतो. ही निवेदनयुक्ती केवळ शैलीचा भाग म्हणून पाहिली तर तिचे मर्म हातून निसटते. ज्या बालपणाला 'आपले' म्हणावे तर अपमानही आपला म्हणावा लागतो, त्याच्याशी दोन हातांचे अंतर राखूनच बोलता येते. त्याला गावाकडे परतण्याचीही सोय नाही. चाकरमान्याचे गाव ज्या मायेने परतणाऱ्याची वाट पाहते, ती माया महारवाड्यातून आलेल्याच्या वाट्याला तशीच येत नाही. माटुंगा लेबर कॅम्पमध्ये वाढलेल्या बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षकातच शहराने दिलेल्या अनामिकतेची मर्यादा नोंदली गेली आहे.

स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर दोन्ही परंपरा थोड्या उघड्या पडतात. कॅरोलिन स्टीडमन यांनी 'लँडस्केप फॉर अ गुड वुमन' (१९८६) मध्ये हॉगर्टप्रभृतींच्या आठवणींतील आईवर नेमका आक्षेप घेतला. कामगारवर्गातील आई सोशीक, त्यागी आणि निरिच्छ असते, ही पुरुष आठवणकारांची सोय आहे. स्टीडमन यांची बर्नलीच्या विणकर घरातून आलेली आई हव्यास असणारी, असूया असणारी, न मिळालेल्या वस्तूंचा राग धरणारी बाई होती. मराठीत असा आक्षेप अद्याप पुरेशा जोराने घेतला गेलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतून स्त्री कामगारांचे प्रमाण दशकानुदशके घटत गेले. पुष्कळ बायका खानावळी चालवू लागल्या आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळात त्या संघटित झाल्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात स्त्रियांचेही आवाज आहेत. ललित लेखनात मात्र आई अजूनही बहुतांशी डबा बांधणारी, वाट पाहणारी राहिली आहे. 'अधांतर'मधील आईचा कोरडा, त्राग्याचा स्वर हा सन्माननीय अपवाद. सुर्वे यांची आई गिरणीत जाते खरी, पण तिला काय हवे होते, हे कवितेला विचारावेसे वाटत नाही.

हा सारा विचार मुंबईपुरता मर्यादित ठेवला तर मराठी भाषकांच्या औद्योगिक अनुभवाचा मोठा पट्टा नजरेआड होतो. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तेथून पूर्वेला, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या राजनांदगावात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात संस्थानच्या पुढाकाराने गिरणी उभी राहिली आणि पुढे बंगाल नागपूर कॉटन मिल्स या नावाने ओळखली गेली. ठाकूर प्यारेलालसिंह यांच्या नेतृत्वाखाली १९२० साली तेथे दीर्घ संप झाला. याच गावी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून महाविद्यालयात अध्यापन करीत होते. मातृभाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील महत्त्वाचे कवी आणि कादंबरीकार, लेखन हिंदीतून. 'अंधेरे में' या त्यांच्या दीर्घ कवितेतील रात्रीचे शहर, गोळीबार, मिरवणूक यांची नाळ नागपूरच्या दिवसांशी जोडली जाते. मराठी गिरणीशहराची मध्य भारतातील सर्वांत प्रखर कविता हिंदीत लिहिली गेली आणि तिच्यात बालपण नाही, हे दोन्ही मुद्दे तौलनिक अभ्यासकाने एकत्र विचारात घ्यायला हवेत. राजनांदगावच्या भोंग्यावर जागी होणारी मराठी घरे होती. त्यांच्या मुलांचे शिक्षण हिंदीतून झाले. त्यांच्या आठवणींना मराठी साहित्यव्यवहारात जागा मिळाली नाही आणि हिंदीत त्या मराठी म्हणून ओळखल्या गेल्या नाहीत.

राजनांदगावहून रायपूर ओलांडून पुढे गेले की नवा रायपूर लागते. छत्तीसगड राज्य २००० साली झाले, मंत्रालय २०१२ साली या नियोजित राजधानीत हलले, २०१८ साली तिला अटलनगर हे नाव मिळाले. येथे गिरणी नाही, चाळ नाही. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे आणि त्यांच्यामध्ये अजून टिकून असलेली जुनी गावे आहेत. गिरणगावात गाव शेकडो मैल दूर होते आणि शहर पायाखाली. येथे शहर गावावरच येऊन बसले आहे. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी २०२२ साली येथे दीर्घकाळ धरणे धरले. बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतींत मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत आणि त्यांची मुले आता वयात आली आहेत. त्यांच्या घरून भंडारा, गोंदिया, नागपूर ही परतण्याची ठिकाणे म्हणून सांगितली जातात. त्याच सेक्टराच्या कडेला राहणाऱ्या गावातल्या मुलाला मात्र कुठेही न जाता आपले गाव आठवावे लागते. ही दोन मुले एकाच शाळेत बसत असतील तर त्यांच्या आठवणी कोणत्या भाषेत लिहिल्या जातील, मराठीत, हिंदीत की छत्तीसगढीत, हा प्रश्न आज तरी खुला आहे.